शिंद्यांचे कंपू आणि उज्जैनचा धडा

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रातीरी भैरवगढ आहे. येथील काळभैरवाला शिंदे घराण्याकडून पगडी अर्पण करण्याची प्रथा असून लोकपरंपरा तिचा संबंध महादजींशी जोडते. दौलतरावांनी इ. स. १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळ लष्कर वसविले, तोवर उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. त्या वैभवाच्या खुणा देवळांतून व घाटांवरून सहज दिसतात. परंतु ज्या फौजेवर ते उभे होते, तिच्या रचनेचा विचार क्वचितच होतो.

मराठ्यांची जुनी फौज पथकांची होती. सरदाराने सरंजामाच्या उत्पन्नातून स्वार बाळगावेत आणि मोहिमेस हजर व्हावे, अशी ती पद्धत. साहजिकच शिपायाची निष्ठा प्रथम सरदाराशी असे. कवायती पायदळ मराठ्यांना अपरिचित नव्हते. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी झुंजल्या होत्या. तथापि त्यास स्थायी व व्यापक स्वरूप दिले ते महादजींनी. इ. स. १७८४ मध्ये सॅव्हॉय प्रांतातील बेन्वा द बॉइन त्यांच्या चाकरीत आला आणि त्याने प्रथम दोन पलटणी उभ्या केल्या.

पुढे त्यांतूनच ‘कंपू’ घडले. एका कंपूत साधारण दहा पलटणी असत. त्यांत तेलंगे आणि नजीब असे दोन्ही प्रकारचे शिपाई असत. जोडीला तोफा आणि घोडदळ असे. त्यामुळे प्रत्येक कंपू स्वतंत्रपणे कूच करू शके व लढू शके. सर्व शस्त्रांची दले एका सेनापतीच्या हाती देण्याचे हेच तत्त्व पुढे नेपोलियनच्या ‘कोर’ या विभागात अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. इ. स. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे राजपूत फौजांचा पराभव झाला, तेव्हा या रचनेचे सामर्थ्य सिद्ध झाले.

कंपूंचा प्राण म्हणजे नियमित पगार. त्यासाठी दोआबातील मुलूख द बॉइनकडे जायदाद म्हणून लावून दिला होता. परंतु तेथेच दोषही दडला होता. फौज, तिचा वसूल आणि वरिष्ठ अधिकार ही तिन्ही एकाच परकीयाच्या हाती गेली. इ. स. १७९४ मध्ये महादजी वारले, पुढील वर्षाअखेर द बॉइन निघून गेला आणि ही सारी सत्ता पेराँकडे आली.

इ. स. १८०१ च्या जुलैत उज्जैननेच या रचनेची एक उणीव उघड केली. दौलतरावांनी पलटणी एकवटून न पाठविता तुकड्यातुकड्यांनी धाडल्या. यशवंतराव होळकरांनी त्या अलग गाठल्या आणि उज्जैनजवळ हेसिंगच्या पलटणींचा दारुण पराभव केला. एकसंध असेपर्यंतच कंपू बलवान होता.

दुसरी उणीव इ. स. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच दिसली. पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. इतर अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनीही चाकरी सोडली. तरीही १ नोव्हेंबर रोजी लासवारीच्या रणात पलटणी शर्थीने लढल्या. शिपाई हटले नव्हते. हरपले होते ते नेतृत्व. महादजींनी परक्यांची विद्या घेतली, ती योग्यच होती. ती विद्या पेलणारे स्वकीय सेनानी मात्र वेळेवर तयार झाले नाहीत. उसन्या शस्त्राने लढाई जिंकता येते. राज्य राखण्यास ते चालविणारे हात आपले असावे लागतात.