मेहराब ते महिरप

शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले. गवंड्याच्या तोंडचे पुष्कळ शब्द मात्र हलले नाहीत. फारसी ‘गिल’ म्हणजे माती, त्यातून गिलावा. ‘ताब’ म्हणजे प्रकाश, त्यातून तावदान. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण. मराठीत मात्र तिचा मजला झाला आणि तो चढावा लागतो! वाड्यात पाहुण्यांसाठी फारसी दिवाणखाना, घरच्यांसाठी मराठी माजघर, ही वाटणीही बोलकी आहे.

सर्वांत लांबचा प्रवास ‘मेहराब’ या शब्दाचा. मशिदीत किब्ल्याची दिशा दाखविणारा हा कमानदार कोनाडा. मराठीत त्याची महिरप झाली, ती वाड्याच्या खांबांमधून देव्हाऱ्यापर्यंत पोहोचली, आणि गणिताच्या तासाला फळ्यावर ‘महिरपी कंस’ म्हणून उमटू लागली.