फ्रॅमिंगहॅमची फूटपट्टी

कातडीच्या दुखण्यांना जनावरांची नावे देण्यात मराठी माणूस एकटा नाही. आपल्याकडे नागीण आहे, गजकर्ण आहे; मध्ययुगीन युरोपातल्या वैद्यांनी चेहरा कुरतडणाऱ्या व्रणांना लॅटिनमध्ये ‘लुपस’, म्हणजे लांडगा, म्हटले. 1872 साली व्हिएन्नातल्या कापोसींनी दाखवले की ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) कातडीवर थांबत नाही, आतल्या अवयवांतही शिरतो. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांचेही नुकसान करतो, हे लक्षात यायला मात्र आणखी शंभर वर्षे गेली.

निमित्त झाले टोरोंटोतल्या अकरा मृत्यूंचे. डॉक्टर मरे युरोविट्झ यांनी 1976 साली आपल्या ल्युपसच्या 81 रुग्णांचा हिशेब मांडला. सहा जण निदानानंतर वर्षाच्या आतच गेले, आजार भरात असताना. उरलेले पाच सरासरी साडेआठ वर्षांनी गेले. त्यांतल्या फक्त एकाचा ल्युपस तेव्हा जागा होता, पण नुकताच हृदयविकाराचा झटका पाचही जणांना येऊन गेला होता.

मग हा धोका आधी ओळखायचा कसा? फूटपट्टी तयार होती. 1948 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या 5,209 रहिवाशांवर नजर ठेवायला सुरुवात झाली आणि वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह असे गुण जुळवून पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगणारी तक्त्यांची पद्धत त्यातून निघाली.

खरी गंमत पुढे आहे. 1997 साली सुझन मान्झी यांनी पिट्सबर्गमधल्या ल्युपस असलेल्या 498 स्त्रियांची तुलना केली ती याच फ्रॅमिंगहॅमच्या दुसऱ्या पिढीतल्या 2,208 स्त्रियांशी. 35 ते 44 या वयोगटात झटक्याचे प्रमाण पन्नासपटीहून अधिक! (आकडा इतका फुगतो, कारण त्या वयाच्या इतर बायकांना झटका क्वचितच येतो, भाजकच इवलासा.) आणि नेमकी तिथेच फूटपट्टी आंधळी. अडतीस वर्षांची बाई, सिगारेट नाही, साखर नाही, रक्तदाब 120: तक्ता तिला हसत घरी पाठवतो. ल्युपसचा रकानाच त्यात नव्हता. 2001 साली कॅनडातल्या एस्डेल यांनी फ्रॅमिंगहॅमचे सगळे घटक हिशेबात धरून पाहिले, तरी जीवघेणा न ठरलेल्या झटक्याचा धोका दहापट उरलाच.

हा उरलेला धोका कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर जुना वाद आहे. एक बाजू बोट दाखवते स्टेरॉइडकडे: टोरोंटोचे ते पाचही जण वर्षानुवर्षे प्रेडनिसोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड घेत होते. पटण्यासारखे आहे. पण 2003 साली न्यूयॉर्कच्या मेरी रोमन यांनी मानेतल्या रोहिण्या सोनोग्राफीने तपासल्या, तेव्हा ल्युपसच्या 37 टक्के रुग्णांत चरबीचे थर सापडले, इतरांत 15 टक्के. आणि थर असलेल्यांना प्रेडनिसोन तुलनेने कमी वेळा दिले गेले होते. म्हणजे पारडे झुकते ते ल्युपसच्याच धुमसत्या दाहाकडे. स्टेरॉइड साथीदार असेल; मुख्य आरोपी बहुधा नव्हे.

दरम्यान युरोविट्झ यांच्याच गटाने 2016 साली फूटपट्टीला ठिगळ लावले: फ्रॅमिंगहॅमच्या घटकांना सरळ दोनने गुणा. किराणा दुकानातल्या हिशेबासारखे वाटते, पण मूळ तक्त्यापेक्षा हे बरे चालले.

2017 साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘क्यूरिस्क-3’ या हृदयधोक्याच्या गणकयंत्रात अखेर ल्युपसला स्वतःचा रकाना मिळाला. स्टेरॉइडच्या गोळ्या घेता का, हा प्रश्न तिथे वेगळा विचारतात. एका बाईने दोन्हींपुढे खूण केली, तर धोका दोन्हींसाठी वाढवून धरला जातो.