एअर इंडियाचा बदलता ताफा आणि विमानप्रेमींची नोंदवही

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकाता विमानतळावरील एक जुने बोइंग ७३७-२०० विमान ट्रेलरवर लादून रस्तामार्गे बंगळुरूला नेण्यात आले. व्हीटी-ईएचएच ही त्याची नोंदणी. १९८२ मध्ये ते इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत दाखल झाले, पुढे अलायन्स एअरकडे गेले, अखेरच्या काळात टपाल खात्याच्या रंगांत त्याने मालवाहतूक केली आणि २०१२ पासून ते कोलकात्यात उभे होते. दरम्यान एअर इंडियाचे खासगीकरण झाले आणि या विमानाची नोंद कंपनीच्या दप्तरातून गळाली. विमानतळ प्रशासनाने ते हटविण्यास सांगितले, तेव्हा ते आपल्याच मालकीचे असल्याचे कंपनीच्या लक्षात आले. अखेर देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याची रवानगी करण्यात आली.

जगभरातील विमानप्रेमी नेमकी हीच नोंद ठेवतात. कोणत्या कंपनीकडे कोणते विमान केव्हा आले, ते उडते आहे की उभे आहे, कोणत्या हँगरमध्ये गेले आणि शेवटी त्याचे काय झाले, याची वही अनेकांनी वर्षानुवर्षे सांभाळलेली असते. भारतात या छंदाचा सर्वांत जुना आणि समृद्ध विषय एअर इंडिया हा आहे. विमान कंपनीच्या जाहिरातीत विमानांची एकूण संख्या दिलेली असते. त्यांपैकी प्रत्यक्ष उडणारी किती, हे मात्र एकेका विमानाचा मागोवा घेतल्यावरच कळते. कंपनीची खरी प्रकृती या दोन आकड्यांमधील अंतरात दिसते.

विमानाची ओळख

प्रत्येक नागरी विमानाला देशाच्या नियामक संस्थेकडून नोंदणी क्रमांक दिला जातो. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. भारतीय विमानांची नोंदणी व्हीटी या दोन अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे तीन अक्षरे असतात. ही अक्षरे विमानाच्या अंगावर व पंखाखाली रंगविलेली असतात. एअर इंडियाच्या अनेक बोइंग ७७७ विमानांच्या नोंदणीत व्हीटीनंतर एएल, तर ७८७ विमानांच्या नोंदणीत एएन ही अक्षरे येतात. २०२३ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या एअरबस ए३५० विमानाला व्हीटी-जेआरए ही नोंदणी मिळाली. जे. आर. डी. टाटा यांच्या नावाची आद्याक्षरे त्यात आहेत, हे जाणकारांच्या लगेच ध्यानात आले.

नोंदणी बदलू शकते. विमान परदेशी कंपनीला विकले की त्याला त्या देशाची नवी अक्षरे मिळतात. कारखान्याने दिलेला अनुक्रमांक मात्र विमान भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. त्यामुळे गंभीर अभ्यासक दोन्ही लिहून ठेवतात. इंजिनांना स्वतंत्र क्रमांक असतात. कारण एकाच विमानाच्या आयुष्यात इंजिने अनेकदा बदलली जातात.

पुस मॉथपासून जम्बोपर्यंत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत उड्डाण केले. ते एक इंजिनाचे पुस मॉथ विमान होते. टाटा एअरलाइन्सचे १९४६ मध्ये एअर इंडिया असे नामकरण झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि कंपनीची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. या ताफ्यातील विमानांना राजकन्यांची नावे होती. त्यांत ‘मराठा प्रिन्सेस’ही होती.

१९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. या जेट विमानांना नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा अशी हिमशिखरांची नावे देण्यात आली. जून १९६२ मध्ये जुनी प्रोपेलर विमाने बाजूला झाली आणि संपूर्ण ताफा जेट विमानांचा असलेली जगातील पहिली कंपनी, असा लौकिक एअर इंडियाला मिळाला. १९७१ मध्ये पहिले जम्बो जेट, म्हणजे बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’ या नावाने दाखल झाले. खिडक्यांभोवती रंगविलेल्या लाल झरोक्यांमुळे हे विमान दुरूनही ओळखू येत असे.

नोंदवहीत दुःखाची पानेही आहेत. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये आणि ‘कांचनजंगा’ १९६६ मध्ये, अशी दोन विमाने युरोपातील माँ ब्लां पर्वतावर कोसळली. दुसऱ्या अपघातात डॉ. होमी भाभा यांचा मृत्यू झाला. ‘सम्राट अशोक’ १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून उड्डाण करताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा बळी गेला. २३ जून १९८५ रोजी ‘सम्राट कनिष्क’ बॉम्बस्फोटाने अटलांटिकवर नष्ट झाले. त्यात ३२९ जण मृत्युमुखी पडले. यादीतील अशा विमानापुढे केवळ एक तारीख असते. ती लिहिणारा ती विसरत नाही.

खरेदी आणि विक्री

जानेवारी २००६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदविली. त्यात ७७७-२०० एलआर जातीची ८, ७७७-३०० ईआर जातीची १५, ७८७-८ जातीची २७ आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी ७३७-८०० जातीची १८ विमाने होती. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे एअर इंडियात विलीनीकरण झाले. कर्जाचा भार वाढत गेला.

पुढे काय झाले, हे एका प्रकारच्या विमानाच्या नोंदीवरून समजते. अतिदूरच्या उड्डाणांसाठी घेतलेल्या ७७७-२०० एलआर जातीच्या आठ विमानांपैकी पाच अल्पावधीतच अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकण्यात आली. सुमारे दशकभरानंतर, अमेरिकेच्या मार्गांवर विमाने कमी पडू लागली, तेव्हा याच जातीची पाच विमाने भाड्याने घेण्यात आली. ती पूर्वी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीकडे होती. ही दोन पाने शेजारी ठेवली की नियोजनातील चूक सांगण्यासाठी वेगळ्या टीकेची गरज उरत नाही.

दोन ७७७-३०० ईआर विमाने २०२० मध्ये राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या प्रवासासाठी हवाई दलाकडे गेली. जम्बो विमानांची प्रवासी सेवा २०२१ मध्ये संपली. एप्रिल २०२४ मध्ये ‘आग्रा’ नावाच्या ७४७-४०० विमानाने मुंबईहून अखेरचे उड्डाण केले आणि धावपट्टी सोडताच पंख डावीकडे-उजवीकडे कलवून निरोप घेतला.

देखभालीची भाषा

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजले जात नाही. एकूण उड्डाण-तास किती झाले आणि उड्डाण व अवतरण यांची आवर्तने किती झाली, हेही पाहिले जाते. प्रत्येक उड्डाणात केबिनमधील व बाहेरील हवेच्या दाबांतील फरक वाढतो व उतरताना तो कमी होतो. त्यामुळे धातूच्या सांगाड्यावर दर वेळी ताण पडतो. लहान अंतरावर दिवसातून सहा वेळा उडणारे विमान दीर्घ पल्ल्याच्या समवयस्क विमानापेक्षा त्या अर्थाने अधिक थकलेले असते. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० विमानाचे छत उडताना फाटले. त्या १९ वर्षांच्या विमानाची ८९ हजारांहून अधिक उड्डाणे झाली होती. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीकडे जगभर अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

तपासण्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रत्येक उड्डाणापूर्वी बाह्य पाहणी होते. काही शे उड्डाण-तासांनंतर होणारी ‘ए’ तपासणी बहुधा एका रात्रीत आटोपते. साधारण दीड ते दोन वर्षांनी येणाऱ्या ‘सी’ तपासणीसाठी विमान अनेक दिवस हँगरमध्ये राहते. सर्वांत मोठी ‘डी’ किंवा जड तपासणी सहा ते बारा वर्षांच्या अंतराने होते. तीत आसने, आतील आवरणे, फरशी काढून सांगाड्यापर्यंत पोहोचले जाते. गंज व तडे शोधले जातात. या कामाला अनेक आठवडे लागतात आणि खर्चही मोठा असतो. जुन्या विमानासाठी तो परवडत नाही, असे ठरले की तपासणीची तारीख हीच त्या विमानाच्या निवृत्तीची तारीख ठरते. त्यामुळे जाणकार विमानाच्या जन्मतारखेइतकेच त्याच्या पुढील जड तपासणीकडे लक्ष ठेवतात.

एअर इंडियाच्या देखभालीचे मुख्य केंद्र दीर्घकाळ मुंबईत होते. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. विमानखरेदीच्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने ते उभारून दिले होते. खासगीकरणाच्या वेळी अभियांत्रिकी सेवा देणारी कंपनी मात्र टाटा समूहाकडे गेली नाही. ती सरकारकडेच राहिली. विमाने एकाकडे आणि त्यांची मोठी हँगर दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. पुढे एअर इंडियाने बंगळुरू येथे स्वतःचे देखभाल केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले.

उभी विमाने

नोंदवहीत ‘उभे’ असा एक रकाना असतो आणि सर्वांत जास्त माहिती त्यातच दडलेली असते. सुटे भाग वेळेवर मिळाले नाहीत की उभ्या विमानाचा भाग काढून उडणाऱ्या विमानाला बसविला जातो. निकड भागते, परंतु उभे विमान दर वेळी परतीपासून थोडे आणखी दूर जाते. काही महिन्यांनी त्याला इंजिन नसते, वर्षभराने आसनेही नसतात.

२७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाने एअर इंडियाचा ताबा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलेले आकडे बोलके होते. अरुंद बांध्याच्या ७० विमानांपैकी ५४ सेवेत होती, तर रुंद बांध्याच्या ४३ विमानांपैकी ३३. म्हणजे ११३ पैकी २६ विमाने जमिनीवर होती. नवी विमाने येण्यास वर्षे लागतात; म्हणून नव्या व्यवस्थापनाचे पहिले काम उभ्या विमानांना पुन्हा उडविणे हे होते. त्यासाठी सुटे भाग आणि पैसा दोन्ही लागले. अशा विमानाचे पहिले चाचणी उड्डाण विमानप्रेमी नव्या विमानाच्या आगमनाइतक्याच उत्सुकतेने टिपतात.

नवा ताफा

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. त्यांतील २५० एअरबसची आणि २२० बोइंगची होती. डिसेंबर २०२४ मध्ये एअरबसच्या आणखी १०० विमानांची भर पडली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनीचे विलीनीकरण झाल्याने तिची विमानेही या यादीत आली. पहिली ए३५० विमाने मुळात रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधलेली होती. एअर इंडिया एक्स्प्रेसला मिळालेली काही ७३७ मॅक्स विमानेही इतर कंपन्यांसाठी तयार झालेली होती. आसनांची रचना निराळी का, या प्रवाशाच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अशा पूर्वेतिहासात असते.

जुन्या विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणाचा ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये ए३२० निओ विमानांपासून सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये पहिले ७८७-८ विमान त्यासाठी कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे गेले.

त्याच्या महिनाभर आधी, १२ जून २०२५ रोजी, व्हीटी-एएनबी हे ७८७-८ विमान अहमदाबादहून लंडनला निघताच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरील मृतांसह एकूण २६० जणांचा बळी गेला. त्या दिवसांत देशभर जे प्रश्न विचारले गेले, ते एरवी केवळ या छंदातील मंडळी विचारतात: विमान किती जुने होते, शेवटची मोठी तपासणी केव्हा झाली, इंजिने केव्हा बसविली होती. शेवटची मोठी तपासणी जून २०२३ मध्ये झाली होती आणि उजवे इंजिन मार्च २०२५ मध्ये बसविले होते, असे कंपनीने सांगितले. नियामक संस्थेने एअर इंडियाच्या ७८७ विमानांची अतिरिक्त तपासणी करण्याचे आदेश दिले.

छंद आणि संशय

मुंबईत कुर्ला-जरीमरी परिसरातून उतरणारी विमाने अगदी जवळून दिसतात. दुर्बीण, कॅमेरा आणि वही एवढे साहित्य पूर्वी पुरत असे. आता विमानाने स्वतःहून प्रक्षेपित केलेले स्थान, उंची व वेग यांचे संकेत घरच्या लहानशा यंत्रावरही टिपता येतात.

या छंदाकडे सुरक्षा यंत्रणा अनेकदा संशयाने पाहतात. २००१ मध्ये ग्रीसमध्ये ब्रिटिश व डच छंदिष्टांच्या एका गटाला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे अपिलात ते सुटले. २०१० मध्ये दिल्ली विमानतळानजीकच्या हॉटेलातून विमानांच्या नोंदी करणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना अटक झाली आणि दंड भरल्यावर त्यांना मायदेशी जाता आले. त्यामुळे नव्याने हा छंद जोपासणाऱ्यांनी विमानतळाच्या आवारातील छायाचित्रणाचे नियम आधी समजून घेणे आवश्यक आहे. संरक्षण दलांच्या तळांपासून तर दूर राहणेच उचित.

काळजीपूर्वक ठेवलेली ही वही कोणाचे गुपित फोडत नाही. विमानाच्या अंगावर जे सर्वांसमोर लिहिलेले असते, तेच तीत उतरते. कोलकात्यातील ७३७ तेरा वर्षे उघड्यावर, सर्वांच्या देखत उभे होते. गळाली होती ती केवळ दप्तरातील नोंद.