राजदंड ठेविला, व्रत राखिलें

ज्यूबिलीच्या ह्या मंगल समयीं आपण आपल्या वाडवडिलांची श्रद्धा आठवीत आहों. अशा वेळीं पवित्र सभेच्या विशाल कुटुंबांतील एका दूरच्या बंधूचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सांप्रत ज्यास नॉरफोक व सफोक म्हणतात त्या प्रदेशांत, सातव्या शतकांत पूर्व आंग्लियाचें राज्य होतें. राजा रेडवाल्ड याच्या वैरामुळें राजकुळांतील सिगेबर्ट यास गॉल देशांत आश्रय घ्यावा लागला. तेथेंच त्यास बाप्तिस्मा मिळाला. सुमारें इ. स. ६३१ मध्यें तो गादीवर बसला, आणि परदेशीं लाभलेलें धन, म्हणजे सद्धर्म व विद्या, प्रजेस देण्याचा त्यानें ध्यास घेतला. कँटरबरीचे आर्चबिशप ऑनोरियस यांनीं बरगंडीचे बिशप फेलिक्स यांस पाठविलें. डॉमॉक येथें बिशपपीठ झालें, मुलांसाठीं शाळा निघाली. आयर्लंडचे संत फर्सी यांचेंही राजानें सन्मानानें स्वागत केलें.

पुढें स्वर्गीय राज्याच्या ओढीनें त्यानें आपलें राज्य एग्रिक नामक आप्तास सोंपविलें व स्वतः स्थापिलेल्या मठांत प्रवेश केला. पुष्कळ काळानंतर मर्सियाचा मूर्तिपूजक राजा पेंडा चालून आला. आपलें बळ अपुरें पाहून लोकांनीं पूर्वींच्या शूर राजास विनविलें. तो येईना, तेव्हां सैनिकांस धीर यावा म्हणून त्यास मठांतून ओढून रणांगणीं नेलें. त्यानें शस्त्र धरिलें नाहीं. हातीं केवळ एक काठी होती. तो व एग्रिक दोघेही मारले गेले. हा वृत्तान्त संत बीड यांनीं इ. स. ७३१ मध्यें पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथांत आहे.

प्रजा संकटांत असतां व्रत श्रेष्ठ कीं तिचें रक्षण? हा प्रश्न बिकट खरा. भ्यालेल्या लोकांचा आक्रोश खोटा नव्हता. परंतु राज्याची धुरा त्यानें दुसऱ्याच्या हातीं दिली होती, आणि देवास दिलेला शब्द परत घेणें त्यास मान्य नव्हतें. तरीही मरणसमयीं तो आपल्या लोकांतच उभा होता.

लढाई हरली, पण पेरलेलें बीज मेलें नाहीं. बिशप फेलिक्स यांनीं तेथें एकंदर १७ वर्षे धर्मसेवा केली. पुढील राजा ॲना हा ख्रिस्तीच होता, आणि त्याची कन्या संत एदेलद्रेदा हिनें इ. स. ६७३ मध्यें ईली येथें मठ स्थापिला. वाचकहो, पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळतेंच असें नाहीं. आपल्या पॅरिशचीही पेरणी ज्यांनीं केली, त्या ज्ञात व अज्ञात सेवकांचें स्मरण करून आपण प्रभूचे आभार मानूं या.