कानाची पाळी आणि माणसाचे मोजमाप



विहारात वंदनेला बसलं की लेकरं हमखास विचारतात, "बुद्धाचे कान एवढे लांब कावून?" मोठी माणसं सांगून मोकळी होतात की, थोरांचे कान जन्मतःच लांब असतात! आम्हाला हे पटत नाही. दीघनिकायातल्या लक्खण सुत्तात महापुरुषाची ३२ लक्षणे दिली आहेत. त्यात कानाचे नावही नाही. अभ्यासक सांगतात ते असे की, सिद्धार्थ राजघरचा, त्या काळच्या रीतीने जड कुंडले घालणारा. म्हणून पाळ्या ताणल्या. गृहत्याग केला, दागिने उतरवले, ताणलेली पाळी तेवढी राहिली. अजिंठ्याच्या मूर्तींतही ती दिसते. म्हणजे ही जन्माची नव्हे, त्यागाची खूण आहे.

आपल्याकडे आयाबायांनी पिढ्यानपिढ्या कान टोचले, तरी लेकरू बिनटोचल्या कानाचंच जन्मतं. माणसाने केलेलं रक्तात उतरत नाही.

निसर्गाने दिलेला आकार वेगळा. कोणाची पाळी सुटी, लोंबती. कोणाची गालाला चिकटलेली. अन् पुष्कळांची अधलीमधली. यवतमाळच्या बाजारात गोंड, कोलाम, बंजारा, कुणबी, बौद्ध सारेच येतात. नुसता कान पाहून कोणी कोणाची जात सांगून दाखवावी!

पण शरीर मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा उद्योग या देशात झाला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले साहेब यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात असलीच मापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत. ज्या फुटपट्टीने आम्हाला खाली बसवले, तीच बाबासाहेबांनी उलटी धरली!

आता कानाचेच घ्या. शाळेत बरीच वर्षे शिकवले गेले की, सुटी की चिकटलेली पाळी हे एकाच जनुकावर ठरते. आईबाप दोघांची पाळी चिकटलेली असेल तर मुलाची सुटी होऊच शकत नाही. हे खोटे ठरले आहे. २०१७ साली सुमारे ७५ हजार माणसांच्या अभ्यासात पाळीच्या ठेवणीशी संबंध असलेल्या ४९ जागा जनुकसाठ्यात सापडल्या. तेव्हा चिकटल्या पाळीच्या जोडप्याला सुट्या पाळीचं लेकरू होऊ शकतं. अर्धवट ज्ञानावर एखाद्या माउलीच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे विज्ञान नव्हे, पाप आहे.

तथागतांनी सांगितले की, माणूस जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ ठरतो. म्हणून कोणी कान, नाक, रंग पाहून कुळी विचारली, तर खाली मान घालू नका. पुरावा मागा. अन् आपल्या घरातही सोयरीक जुळवताना पोरीचा रंग, नाक, कान पाहणे आता बंद करा.

जयभीम! नमो बुद्धाय!