घाटी

घाटी (वि. व ना.; स्त्री. घाटीण, घाटण) : सह्याद्रीच्या माथ्यावरील मुलखाचा रहिवासी, घाटावरचा. मुंबईच्या बोलीत गावंढळ, राहणीबोलणीत ओबडधोबड माणूस. मूळ शब्द घाट (सं. घट्ट), म्हणजे डोंगर ओलांडण्याची वाट. हिणवण्याचा अर्थ कोणी रूढ केला याबद्दल एकमत नाही; गिरणगावातील कोकणी मंडळींकडे आणि शहरातील इंग्रजी वळणाच्या घरांकडे, दोन्हींकडे बोट दाखवले जाते.

कर्जत-खालापूर : हे दोन्ही तालुके पायथ्याचे, कोकणच्या अंगाचे. त्यामुळे भूगोलाच्या हिशेबाने भिवपुरीचा माणूस घाटी नव्हे. भिवपुरीहून कुसूर घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मावळातला तो घाटी. मुंबईकर हा भेद पाळतोच असे नाही. भिवपुरीच्या वीजगृहाला 1922 पासून मिळणारे पाणीही घाटावरचेच, ठोकरवाडी धरणाचे.

मुंबईकडे प्रसार : शब्दामागची माणसे मुख्यतः बोरघाटाने उतरली. या घाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली; पुढे खंडाळ्यापर्यंत पालखी, तट्टू किंवा पायपीट. कर्जत-खंडाळा लोहमार्गाचे काम त्याच वर्षी सुरू झाले. अवघड ठिकाणी चढ 37 फुटांना 1 फूट, बोगदे 25, आणि 1861 च्या सुमारास कामावर 42,000 च्या वर माणसे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे येताच दगावला. कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पुढे चालवले. तापाने आणि पटकीने गेलेल्या मजुरांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. 1863 मध्ये मार्ग सुरू झाला आणि पुणे, सातारा, नगरकडची माणसे गिरण्यांत व गोदीत येऊ लागली. रत्नागिरीकर बोटीने बंदरात उतरत, घाटावरचे आगगाडीने. येण्याच्या या दोन वाटांवरूनही कोकणी आणि घाटी ही विभागणी चाळीचाळींत पक्की झाली असावी. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींत साताऱ्याकडचे लोक पुष्कळ, म्हणून 'घाटी' म्हणजे हमाल अशीही छटा आली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला 'घाटण' म्हणण्याची चाल याच वाटेवरची.

आजचा वापर : परका म्हणाला तर शिवी, दोस्ताने म्हटले तर लाडीगोडी. घाटावरची तरुण मुले स्वतःला घाटी म्हणवून मिरवतातही. घाटी मसाला, घाटी चटणी, घाटी लेझीम यांत हेटाळणी मुळीच नाही. तेथे शब्द आपल्या जुन्या, निव्वळ मुलूखवाचक अर्थाने टिकून आहे.

गोवा : कोंकणीत 'घांटी', घाटापलीकडून आलेला परका, बहुधा तुच्छतेने.

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयालाही लोक 'घाटी' म्हणतात. प्रस्तुत अर्थाशी त्याचा संबंध नाही.