केरणची खिंड आणि आपली मराठा पलटण

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स डीड या विषयांवर लिहिणारे जाणकार सभासद आधीच ठरले होते. तेव्हा मी माझ्या आवडीचा विषय घेतला आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून लष्करी इतिहास वाचणं हा माझा उद्योग. आपल्या तिन्ही विंगमध्ये सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीकडची पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांपैकी कुणाचे ना कुणाचे आजोबा-पणजोबा पलटणीत असणारच. त्यांच्या नातवंडांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

केरण हे गाव आफ्रिकेत एरिट्रियामध्ये आहे. १९४१ साली तिथे इटलीचं राज्य होतं. सुदानमधून शिरलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने १ फेब्रुवारीला आगोर्दात घेतलं आणि ती अस्मारा या राजधानीकडे निघाली. वाटेत केरण. गावापर्यंत जायला एकच खिंड, डोंगोलासची. तिच्यातूनच डांबरी रस्ता आणि त्याच डोंगराला बिलगून रेल्वे. इटालियनांनी रस्ता सुरुंगाने उडवला, वर दगडांचे ढीग लोटले आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर मोर्चे बांधून बसले. डावीकडे सांकिल, उजवीकडे डोलोगोरोडोकचा किल्ला. किल्ला म्हणजे आपल्या राजगडासारखा नव्हे. डोंगरमाथ्यावरचे काँक्रीटचे खंदक, तारांचं कुंपण आणि मशीनगना. पण जागा अशी की खालून हलणारं कुत्रंसुद्धा वरून दिसावं.

आपल्याकडे इटालियन सैनिकांची टिंगल करायची पद्धत आहे. केरणला ती लागू नाही. जनरल कार्निमेओ यांच्या हाताखालचे साव्होयाचे ग्रेनेडियर, आल्पिनी आणि स्थानिक एरिट्रियन शिपाई तिथे जिद्दीने लढले. त्यांचे जनरल लोरेन्झिनी तर आघाडीवरच मारले गेले.

फेब्रुवारीतले पहिले हल्ले महागात पडले. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण खिंड काही उघडली नाही. मग महिनाभर तयारी. खरा प्रश्न पाण्याचा आणि दारूगोळ्याचा होता. डोंगर उघडे, उभे, दगड तापलेले. वर लढणाऱ्यांसाठी प्रत्येक डबा कुणीतरी पाठीवरून चढवायचा. फौजेतला मोठा हिस्सा निव्वळ हमालीत गुंतला होता. युद्धाच्या पुस्तकांत हे दोन ओळींत उरकतात; मला मात्र सगळ्यात जास्त हेच भिडतं.

याचं एक कारण आहे. १९८० च्या सुमारास मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. लष्करी पेन्शनरांचे हयातीचे दाखले माझ्या टेबलावर यायचे. त्यांतले एक वृद्ध हवालदार नेहमी लवकर येऊन बाकावर बसत. एकदा सहज विचारलं, बाबा, लढाई कुठं केलीत? म्हणाले, "केरनला, सायेब. डोंगर आपल्याकडंबी हाईत, पन त्यो लई वंगाळ. वर पानी न्हाई आन् सावली न्हाई." एवढंच बोलले, अंगठा उठवला आणि गेले. तेव्हा केरण नकाशात कुठे आहे हेही माझ्या शाखेत कुणाला सांगता आलं नसतं.

१५ मार्चला दोन डिव्हिजनांनी मोठा हल्ला सुरू केला. डाव्या बाजूच्या सांकिलवर चौथी डिव्हिजन अडकली. उजवीकडे पाचव्या डिव्हिजनमधली हायलँड लाइट इन्फंट्री ही स्कॉटिश पलटण भर दिवसा डोलोगोरोडोककडे चढू लागली आणि उन्हात, गोळ्यांत उतारावरच चिकटून राहिली. संध्याकाळी काम नवव्या ब्रिगेडकडे आलं. त्यात आपली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती (तेव्हाचं नाव तिसरी/पाचवी मराठा), कमांडर लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. किल्ल्याखाली एक सुळका होता, इंग्रज त्याला पिनॅकल म्हणत. मराठ्यांनी अंधार पडताना तो चढून घेतला. शेजारचं पिंपल नावाचं टेकाड फ्रंटियर फोर्सने घेतलं.

१६ मार्चच्या पहाटेआधी किल्ल्यातल्या इटालियनांनी हे दोन्ही माथे परत घ्यायला जोरदार उलटा हल्ला चढवला. तासन्‌तास झुंज चालली. मराठे आणि फ्रंटियर फोर्सचे जवान जागचे हलले नाहीत. पण या हल्ल्यासाठी माणसं बाहेर काढल्यामुळे किल्ल्यातली शिबंदी पातळ झाली. नेमक्या त्याच वेळी वेस्ट यॉर्कशायरची पलटण सुरीच्या पात्यासारख्या अरुंद धारेवरून, जिथून कुणी येईल असं शत्रूला वाटलंच नव्हतं, किल्ल्यावर जाऊन थडकली. सकाळी साडेसहाच्या सुमारास किल्ला पडला. माझ्या मते याचं निम्मं श्रेय पिनॅकलवर पाय रोवून उभ्या राहिलेल्यांचं आहे, जरी किल्ला घेतल्याची नोंद दुसऱ्या पलटणीच्या नावावर असली तरी.

'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा याच पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत रूढ झाली, असं रेजिमेंटमध्ये सांगतात. रेजिमेंटचा दिवसही ४ फेब्रुवारी, म्हणजे कोंढाणा सर केल्याचा.

किल्ला आला तरी रस्ता बंदच. रात्री सॅपर्सनी खिंडीत जाऊन पाहणी केली आणि सांगितलं, वरून गोळ्या आल्या नाहीत तर दोन दिवसांत रस्ता मोकळा करून देतो. म्हणजे रेल्वेलगतच्या टेकड्या घ्यायलाच हव्यात. मग एक नामी युक्ती निघाली. आपल्या ताब्यात रेल्वेचा एक बोगदा होता. त्यातला अडथळा काढून अंधारात तिथे पायदळ आणून ठेवलं. २५ मार्चच्या पहाटे तीन वाजता हायलँडर आणि बलुच पलटणी बोगद्यातून बाहेर पडल्या. इटालियनांचं सगळं लक्ष किल्ल्याकडे. तिकडूनच हल्ला येणार अशी त्यांची खात्री. तिकडूनही नवव्या ब्रिगेडने, मराठ्यांसह, दाब ठेवलाच होता. साडेपाचपर्यंत बहुतेक टेकड्या हातात आल्या. सॅपर्सनी शब्द पाळला, २७ मार्चला रणगाडे खिंडीतून पार झाले आणि केरण पडलं. १ एप्रिलला अस्मारा.

५३ दिवसांत आपल्या बाजूचे ५३६ मेले आणि तीन हजारांवर जखमी झाले. इटालियन बाजूचे मृत सुमारे ३,०००. हे युद्ध दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी होतं, असं आमच्या कॉलेजात तावातावाने बोललं जाई, आणि ते खोटं नाही. पण पिनॅकलवर शेजारी शेजारी असलेली माणसं एकमेकांसाठी लढली, हेही खरं. त्यातल्या फ्रंटियर फोर्स आणि बलुच रेजिमेंट आज पाकिस्तानच्या सैन्यात आहेत, गढवाली आणि मराठे आपल्याकडे.

केरणच्या युद्ध दफनभूमीला लागूनच एक वेगळं स्मारक आहे, तिथे दहन केलेल्या हिंदू आणि शीख जवानांचं. तिथे जाणं आपल्याला जमणार नाही. पण गणपतीला कोकणात जाताना आपली गाडी माणगावला चहासाठी थांबतेच. तिथे तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १९४४ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडले, ते याच तिसऱ्या पलटणीचे. मुलांना पाच मिनिटं खाली उतरवून दाखवा.